वेबसाइटवर ब्लॉकचं प्लगइन टाकताय? आधी ते काढून बघा!

कारंजा (लाड) इथून चालणारं एखादं छोटं बातम्यांचं पोर्टल डोळ्यांसमोर आणा. दुपारी बाजार समितीतले सोयाबीन-तुरीचे भाव, संध्याकाळी वाशिम जिल्हा परिषदेची नाहीतर पोहरादेवीच्या यात्रेची बातमी. काम करणारी माणसं दोन, वेबसाइट वर्डप्रेसवर. भावांचा तक्ता जरा देखणा दिसावा, बातमीखाली 'हेही वाचा'चे चौकोन यावेत, म्हणून कुणीतरी सुचवतं, "एक प्लगइन टाक, फुकटात होतं सगळं." टाकलं, आणि झालंही. अडचण येते ती वर्षभरानं, ते प्लगइन काढायची वेळ आली की.

ब्लॉक म्हणजे नेमकं काय?

६ डिसेंबर २०१८ ला वर्डप्रेस ५.० आलं आणि लिहायची जागाच बदलली. आधी एकच मोठी चौकट असायची, त्यात सगळा मजकूर. आता परिच्छेद, फोटो, तक्ता, बटण असा प्रत्येक भाग वेगळा ब्लॉक असतो. उचला, वर-खाली हलवा. या एडिटरचं नाव गुटेनबर्ग. सुटे खिळे जुळवून पुस्तक छापणाऱ्या पंधराव्या शतकातल्या जर्मन मुद्रकाचं हे नाव. खिळे जुळवण्याचं काम इथे ब्लॉक करतात, त्यामुळे नाव चपखल बसलंय.

वर्डप्रेससोबत येणारे ब्लॉक पुरले नाहीत की लोक जोड-प्लगइन शोधतात. त्यातलं एक मोठं नाव आपल्याच राज्यातलं आहे. पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्स कंपनीचं 'स्पेक्ट्रा'. आधी ते 'अल्टिमेट अ‍ॅडऑन्स फॉर गुटेनबर्ग' या लांबलचक नावानं ओळखलं जायचं. लोकप्रिय 'अ‍ॅस्ट्रा' थीमही याच कंपनीची. याशिवाय केडन्स ब्लॉक्स, स्टॅकेबल, ऑटर ही नावंही सारखी कानावर येतात. जनरेटब्लॉक्स जरा वेगळं आहे. ते मोजकेच ब्लॉक देतं आणि त्यांतूनच हवं ते जुळवा म्हणतं. शिकायला थोडा वेळ लागतो, पण पानावर ओझं कमी पडतं.

मुळात गरज आहे का?

बऱ्याचदा नसते. तक्ता, कॉलम, बटण हे वर्डप्रेसमध्ये पहिल्यापासून आहेत. २०२१ च्या ५.८ आवृत्तीत 'क्वेरी लूप' आला, म्हणजे एखाद्या विभागातल्या ताज्या बातम्या आपोआप मांडणारा ब्लॉक. 'हेही वाचा'चं काम तो सहज करतो. क्लिक केल्यावर उत्तर उघडणारे प्रश्न हवे असतील, तर २०२३ च्या ६.३ पासून 'डिटेल्स' ब्लॉक आहे. आणि एकच नवा ब्लॉक हवा असेल, तर तीस ब्लॉकांचं गाठोडं कशाला? एडिटरमधल्या अधिकच्या चिन्हावर जाऊन शोधलं की सुटे ब्लॉकही मिळतात. ही सोय २०२० मध्ये ५.५ सोबत आली.

प्लगइन काढलं की काय उरतं?

हा प्रश्न टाकण्यापूर्वी विचारायचा असतो, आणि तोच कुणी विचारत नाही.

ब्लॉक दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात मजकूर तयार स्वरूपात पोस्टमध्येच साठवला जातो. प्लगइन बंद केलं, तर रंग-चौकटी जातात, अक्षरं राहतात. भावांचा तक्ता बेढब दिसेल, पण आकडे वाचता येतील. एडिटर मात्र 'हा ब्लॉक ओळखता येत नाही' अशा अर्थाचा संदेश देतो आणि तो साध्या एचटीएमएलमध्ये ठेवायचा पर्याय पुढे करतो. एका पोस्टला ठीक आहे. दीड हजार बातम्या असतील तर बसा एकेक उघडत.

दुसऱ्या प्रकारात पोस्टमध्ये फक्त खूण असते. पान उघडताना प्लगइन आतला मजकूर तयार करतं. बातम्यांचे चौकोन बहुतेकदा याच जातीचे. प्लगइन गेलं की ते पानावरून गायब. मूळ बातम्या सुरक्षित असतात, पण त्यांच्याकडे नेणारी वाट जाते.

मराठी साइटसाठी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. काही प्लगइन सोबत स्वतःचे फॉन्ट आणतात आणि त्यात देवनागरी नसली, तर मराठी मथळा मोबाइलच्या नेहमीच्या फॉन्टवर येऊन पडतो. डेमोमध्ये इंग्रजी शीर्षक झकास दिसतं ते म्हणूनच. मुंबईच्या एक टाइपनं बनवलेला 'मुक्ता'सारखा देवनागरी फॉन्ट आधीच ठरवून ठेवलेला बरा. दुसरं, वजन. प्रत्येक प्लगइन आपल्या फाइली पानाला जोडू शकतं, आणि मानोऱ्याजवळच्या एखाद्या तांड्यावर एका कांडीच्या नेटवर्कवर भाव बघणाऱ्याला त्या सगळ्या उतरेपर्यंत थांबावं लागतं. स्पेक्ट्रा आणि केडन्समध्ये न लागणारे ब्लॉक बंद करता येतात. ते करावंच.

टेलिग्रामवर 'प्रो व्हर्जन फ्री' म्हणून फिरणाऱ्या फाइलींना हात लावू नये. त्यात घुसवलेला कोड अख्खी साइट दुसऱ्याच्या ताब्यात देऊ शकतो. अधिकृत वर्डप्रेस संग्रहातही प्लगइन शेवटचं कधी अपडेट झालं ते पाहावं. शेवटच्या तीन मोठ्या आवृत्त्यांवर तपासलेलं नसेल, तर तिथे तशी सूचना दिसते.

चाचणीला होस्टिंगही लागत नाही. 'वर्डप्रेस प्लेग्राउंड' ब्राउझरमध्येच तात्पुरती साइट उघडून देतं. तिथे प्लगइन टाका, भावांचा तक्ता आणि चार बातम्यांचे चौकोन बनवा, मग प्लगइन बंद करून पान पुन्हा उघडा. उरेल ते वाचता येत असेल, तरच खऱ्या साइटवर टाका, तेही बॅकअप घेऊन.