जास्त पळालेल्या स्पोर्ट्स गाडीचं इंजिन: ओव्हरहॉल करायचं की बदलायचं?

निगडीपासून तासाभराच्या आत असलेल्या चाकणच्या फोक्सवॅगन कारखान्यात पोलो ही गाडी २००९ ते २०२२ या काळात तयार झाली. तिची जीटी टीएसआय ही वेगवान आवृत्ती २०१३ मध्ये बाजारात आली. ११९७ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन, १०५ पीएस ताकद आणि सात गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स यामुळे सर्वसामान्य बजेटमधली स्पोर्ट्स गाडी म्हणून ती अनेकांनी घेतली.

त्यातल्या सुरुवातीच्या गाड्यांना आता दहा वर्षांहून जास्त काळ झाला आहे. मीटरवर लाखाचा आकडा ओलांडल्यावर ऑइल कमी होणं, धूर किंवा पिकअप पडणं अशा तक्रारी सुरू झाल्या की मालकासमोर प्रश्न येतो: आहे तेच इंजिन उघडून दुरुस्त करायचं की दुसरं बसवायचं?

ओव्हरहॉल म्हणजे काय?

ओव्हरहॉलमध्ये इंजिन पूर्ण खोलून प्रत्येक भाग मोजला जातो. पिस्टन रिंग, बेअरिंग, गॅस्केट, ऑइल सील, व्हॉल्व्ह सील नवे पडतात. हेड फेसिंगला जातं आणि गरजेनुसार क्रँक ग्राइंडिंग होतं. सिलिंडर झिजले असतील तर बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकतात. मात्र प्रत्येक आधुनिक इंजिनासाठी ओव्हरसाइझ पिस्टन मिळतातच असं नाही. काही महागड्या स्पोर्ट्स गाड्यांच्या सिलिंडरला आतून खास लेप असतो, तो साध्या बोअरिंगने निघून जातो. त्यामुळे पार्ट मिळतील याची खात्री झाल्याशिवाय ब्लॉक मशीनवर चढवू नये.

बदलण्याचे पर्याय

इंजिन बदलताना तीन मार्ग असतात. कंपनीचं नवं इंजिन सर्वात खात्रीचं, पण सर्वात महाग. फक्त ब्लॉक, क्रँक आणि पिस्टनचा खालचा संच, म्हणजे हाफ इंजिन, हा मधला मार्ग. तिसरा मार्ग म्हणजे अपघातात मोडीत निघालेल्या गाडीचं वापरलेलं इंजिन. ते स्वस्त पडतं, पण ते किती पळालं आहे आणि कधी तापलं होतं का, हे बाहेरून कळत नाही. असं इंजिन बसवण्याआधी त्याचीही तपासणी आवश्यक आहे.

आधी मोजमाप, मग निर्णय

निळा धूर दिसला की ‘रिंग गेल्या’ असं लगेच सांगितलं जातं. पण टर्बोचं सील गळत असेल, व्हॉल्व्ह सील कडक झाले असतील किंवा पीसीव्ही व्हॉल्व्ह बिघडला असेल तरी निळा धूर येतो. ही कामं पूर्ण इंजिन न उघडताही होतात. पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्यावा. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांत व्हॉल्व्हवर कार्बन साठतो. पिकअप पडण्याचं कारण तेवढंच असू शकतं.

म्हणून गरम इंजिनावर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्यावी. सिलिंडरांमधला फरक साधारण १० ते १५ टक्क्यांहून जास्त असेल तर पुढचा शोध घ्यावा लागतो. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर दोष रिंग किंवा बोअरचा, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटचा असण्याची शक्यता जास्त. लीकडाउन टेस्ट, ऑइल प्रेशरची मोजणी आणि बोअरोस्कोपने सिलिंडरची पाहणी केली की चित्र बरंच स्पष्ट होतं.

कोणत्या वेळी काय?

ब्लॉक आणि क्रँक शाबूत असतील, पार्ट मिळत असतील आणि काम जाणणारा मशीन शॉप हाताशी असेल तर ओव्हरहॉल योग्य. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात मशीनकाम जाणणारे कारागीर आहेत, पण टर्बो इंजिनाच्या मापांचा अनुभव आहे का, हे विचारूनच काम द्यावं. कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फुटला असेल किंवा ब्लॉकला तडा गेला असेल तर बदलणंच शहाणपणाचं. दोन्हींचा लेखी अंदाज घेऊन तो गाडीच्या आजच्या किमतीशी ताडून पाहावा.

कागदपत्रांचा मुद्दा

इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला असतो. ओव्हरहॉलमध्ये तोच ब्लॉक राहतो, त्यामुळे आरसी बदलत नाही. इंजिन किंवा हाफ इंजिन बदललं की नंबर बदलतो आणि आरटीओत नोंद करावी लागते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. २०२० नंतरच्या पोलोतलं ९९९ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन जुन्या जीटीमध्ये बसवण्याची कल्पना म्हणूनच अडचणीची ठरते. त्याचा गिअरबॉक्स आणि ईसीयूही वेगळे आहेत.

वापरलेलं इंजिन घेताना बिल आणि मूळ गाडीची कागदपत्रं मागावीत. कागद नसलेलं इंजिन चोरीचं निघालं तर मालक गोत्यात येतो. नंबर जुळला नाही तर विम्याचा दावाही अडकू शकतो. काम सुरू करण्याआधीच आरटीओत प्रक्रिया विचारून घेणं सोपं जातं.

बिघाडाचं मूळ शोधा

इंजिन कोणतंही असो, ते का गेलं हे शोधलं नाही तर पुढचंही जातं. टर्बोची ऑइल लाइन, ऑइल पंप, वॉटर पंप, थर्मोस्टॅट आणि रेडिएटर याच वेळी तपासावेत. जुन्या इंजिनातला धातूचा चुरा ऑइल कूलरमध्ये राहिला तर तो नव्या बेअरिंगलाही खातो. पहिले हजार ते दीड हजार किलोमीटर गाडी जास्त आरपीएमवर किंवा एकाच वेगाने सतत पळवू नये, आणि पहिलं ऑइल लवकर बदलावं.