हवेली कुणाच्या नावावर?

एम. एस. सथ्यूंचा 'गर्म हवा' (१९७४) पाहायचा राहिला असेल तर आधी तो मिळवा. फाळणीचा सिनेमा म्हटलं की जळती घरं, प्रेतांनी भरलेल्या गाड्या... इथे दंगलीपेक्षा कागद जास्त छळतात.

आग्र्याच्या सलीम मिर्झांचा (बलराज साहनी) बुटांचा कारखाना. भाऊ पाकिस्तानात जातो. हवेली त्याच्या नावावर, म्हणून ती 'इव्हॅक्यूई प्रॉपर्टी' ठरते! हे पटकथेच्या सोयीसाठी रचलेलं नाही बरं का. देश सोडून गेलेल्यांच्या मालमत्तेसाठी १९५० चा कायदाच होता. ती सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात जाई आणि तिकडून सगळं गमावून आलेल्यांच्या पुनर्वसनासाठी वापरली जाई. हेतू वाईट कसा म्हणणार? पण कागदाला मालकाचं नाव कळतं, घरात मागे राहिलेली माणसं नाही. (आपण बनवतो त्या सिस्टीम्स तरी काय वेगळं करतात?) मिर्झांना कर्जही मिळेना, कारण उद्या हेही निघून गेले तर?

हा कायदा रद्द झाला तो थेट २००५ साली.

मिर्झांची म्हातारी आई मात्र भाड्याच्या घरात मरायला तयार नाही. शेवटी तिला डोलीत घालून हवेलीत आणतात. नवरी म्हणून ती तिथेच आली होती.