स्वयंवादक यंत्रे आणि त्यांचे धनी

वाजविणाऱ्याच्या बोटांवाचून वाद्य वाजावे, ही मनुष्याची फार जुनी हौस होय. या हौसेपायी जी यंत्रे निर्माण झाली, त्यांचा व त्यांच्या धन्यांचा इतिहास मनोरंजक तर आहेच. परंतु कापसावर जगणाऱ्या वर्धा जिल्ह्यातील आपणां ज्ञातिबांधवांस तो परकाही नाही. म्हणून स्मरणिकेच्या वाचकांपुढे तो थोडक्यात मांडतो.

या यंत्रांपैकी पियानोला विशेष प्रसिद्धीस आला. अमेरिकेतील एडविन व्होटी या कारागिराने तो १८९५ च्या सुमारास सिद्ध केला. लांब कागदाच्या गुंडाळीवर स्वरांप्रमाणे छिद्रे पाडलेली असत. पायाने भाता चालविला, की कागद सरकू लागे. छिद्रातून हवा ओढली जाताच त्या त्या स्वराची पट्टी आपोआप दाबली जाई. १९२० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत तयार होणाऱ्या पियानोंपैकी निम्म्याहून अधिक या जातीचे होते. पुढे रेडिओ आला, ग्रामोफोन सुधारला आणि १९२९ साली तेथील शेअरबाजार कोसळला. अल्पावधीतच हा व्यवसाय लयास गेला आणि घरोघरची ती ऐटदार वाद्ये अडगळीत जाऊन पडली.

आपल्या महाराष्ट्रातही याच कुळीचे एक भव्य यंत्र आहे. ते म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यातील घंटांचे. अशा यंत्रात एका मोठ्या नळकांड्यावर खुंट्या बसविलेल्या असतात. वजनाच्या ओढीने नळकांडे फिरू लागले, की खुंट्या तरफा उचलतात, तारा ओढल्या जातात आणि हातोडे घंटांवर पडून चाल वाजते. या मनोऱ्यात पूर्वी एकूण सोळा चाली वाजत व त्या दिवसातून चार वेळा बदलत. त्यांत इंग्रजांचे राजगीतही होते.

या मनोऱ्याचे दाते शेठ प्रेमचंद रायचंद होत. १८३१ साली जन्मलेला हा सुरतेचा जैन गृहस्थ मुंबईत दलालीच्या धंद्यात शिरला आणि कापसाच्या बाजाराचा अनभिषिक्त राजा झाला. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस विलायतेस मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली.

येथेच आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो. हिंगणघाटचा कापूस लांब व मऊ धाग्याचा म्हणून मुंबईच्या बाजारात नावाजलेला होता. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला तो १८६२ साली, म्हणजे ऐन तेजीत. आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली ती मात्र १८६७ साली. तेव्हा तेजीच्या काळात आपल्या पूर्वजांचा कापूस बंड्यांवर लादूनच दूरच्या वाटेला लागत होता.

मुंबईत पैशाचा पूर आला. समुद्र हटवून जमीन काढू म्हणणाऱ्या बॅक बे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांपर्यंत चढला. त्याच धुंदीत, १८६४ साली, प्रेमचंदांनी विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लक्ष आणि मनोऱ्यासाठी दोन लक्ष रुपये दिले. मनोऱ्यास मातुःश्री राजाबाई यांचे नाव द्यावे, एवढीच अपेक्षा. वृद्ध मातेस घंटेच्या नादाने सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ कळावी, हा हेतू होता, अशी लोककथा आहे.

एप्रिल १८६५ मध्ये युद्ध संपले आणि कापूस उतरला. १ जुलै रोजी पुरे करावयाचे वायदे कोणासच पुरे करता येईनात. पेढ्या बुडाल्या, प्रेमचंदही बुडाले. १८६८ साली खुद्द बँक ऑफ बॉम्बे मोडीत निघाली. मात्र विद्यापीठास दिलेला पैसा शाबूत राहिला. १८६९ साली पायाभरणी होऊन १८७८ साली सुमारे २८० फूट उंचीचा मनोरा पुरा झाला. प्रेमचंद पुन्हा सावरले, १८७५ साली मुंबईच्या शेअर दलालांची संघटना उभारण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि १९०६ साली त्यांचे देहावसान झाले.

यंत्राचेही दिवस फिरले. सोळांपैकी आज एकच चाल उरली आहे. २०१३ ते २०१५ या काळात मनोऱ्याचा जीर्णोद्धार झाला आणि २०१८ साली त्या परिसरास जागतिक वारशाचा मान मिळाला. आपल्या हिंगणघाटी कापसाला तेही भाग्य लाभले नाही. अधिक उतारा देणाऱ्या आखूड धाग्याच्या जरी कापसाने त्या नामांकित ‘बनी’ वाणास शेतांतून हुसकून लावले.

या कथेचे तात्पर्य मला माझ्या शाळेत पुनःपुन्हा दिसले. कापसाला भाव आला, की वर्गातील बाके भरत. भाव पडला, की प्रथम मुलींची नावे पटावरून कमी होत. गणितात सर्वांत हुशार असलेली एक विद्यार्थिनी अशाच एका वर्षी शाळा सोडून गेली. तिचे रिकामे बाक मला आजही आठवते. त्या वर्षी थोडीशी फी भरणारा कोणी असता, तर ती मॅट्रिक झाली असती. तत्पूर्वीची दोन वर्षे भाव चांगला होता. परंतु तेव्हा लग्नाच्या मांडवांपलीकडे कोणासच, मजसकट, काही सुचले नाही.

प्रेमचंदांपाशी जे कागदावर होते ते एका दिवसात गेले. त्यांनी जे देऊन टाकले तेवढेच उरले. स्वयंवादक यंत्रासही कोणीतरी किल्ली द्यावीच लागते. समाजाचा शिष्यवृत्ती निधी हे असेच एक यंत्र आहे. तेव्हा ज्या वर्षी हाती चार पैसे खुळखुळत असतील, त्याच वर्षी ती किल्ली द्यावी. मंदीच्या वर्षाची वाट पाहू नये, एवढीच ज्ञातिबंधुभगिनींस नम्र विनंती. इत्यलम्.