पूर्ण बिल भरणारं गिऱ्हाईक आणि सुप्याच्या वह्या

परवा टपाल नाक्यावर भाजी घेत होतो, तेवढ्यात कार्डवाल्या बँकेचा फोन. "सर, मागचं बिल हप्त्यांत करून देऊ का?" म्हटलं, ते तर कालच पूर्ण भरलं. पलीकडची मुलगी क्षणभर गप्प. मग "ओके सर" म्हणून फोन ठेवला. थोडी हिरमुसली असं मला तरी वाटलं.

मंडळी, या धंद्यात माझ्यासारख्याला 'ट्रान्झॅक्टर' म्हणतात आणि बाकी पुढे ढकलणाऱ्याला 'रिव्हॉल्व्हर'. अमेरिकेत तर पूर्ण भरणाऱ्याला 'डेडबीट' म्हणायची पद्धत पडली. एरवी त्या शब्दाचा अर्थ कर्जबुडव्या! आमच्याकडून काहीच मिळत नाही असं नाही. दुकानदाराकडून कमिशन जातंच. लाइन आळीत "कार्ड असेल तर दोन टक्के वर पडतील" म्हणतात, ते त्याचमुळे. पण खरी मलई व्याजात. समजा बिल 20,000 चं आणि भरले फक्त किमान 1,000. उरलेल्या 19,000 वर महिना साडेतीन टक्क्यांनी 665 रुपये व्याज, त्यावर जीएसटी 120. म्हणजे पुढच्या महिन्यात पुन्हा हजार भरले तर त्यातले 785 असेच गेले, मुद्दल फिटलं 215. शिवाय बाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज.

हे वाचताना मला सुपे आठवतं. पुणे जिल्ह्यातलं, बारामतीच्या बाजूचं. 12 मे 1875 ला तिथल्या बाजारात शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. मागणी काय? वह्या आणि कर्जरोखे द्या. हाती लागले ते जाळले. लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं.

राग नुसत्या व्याजदराचा नव्हता. 1859 च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जरोखा तीन वर्षांपुरता ठरवला होता. हेतू चांगला, व्याज साचू नये. सावकारानं त्यातूनच वाट काढली. दर तीन वर्षांनी नवा रोखा, जुनं व्याज मुद्दलात, वर नवं व्याज. मुद्दलापेक्षा जास्त व्याज एकावेळी मागता येत नाही हा आपला जुना दामदुपटीचा नियम, पण मुद्दलच फुगत गेलं तर तो काय करणार? पैसे परत केले तर पावती मिळायची नाही, ही रयतेची आणखी एक तक्रार. फेडून मोकळा होणारा कुळवाडी सावकाराच्या कामाचाच नव्हता. चौकशी आयोगापुढे आलेल्या एका प्रकरणात 100 रुपयांच्या कर्जावर 2,000 हून जास्त व्याज लावलं होतं.

यातून 1879 चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी. (पनवेल तेव्हा ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आपण बाहेरच.) कोर्टानं रोख्यावरचा आकडा नुसता मान्य करायचा नाही, व्यवहार पहिल्यापासून उकलायचा, मुद्दल आणि व्याज वेगळं मांडायचं, असा तो कायदा. इंग्रजांनी केला, पण मला तो आजही धाडसी वाटतो.

कारण पुढे उलट झालं. बँकिंग नियमन कायद्यात 1984 पासून कलम 21अ आहे: व्याज जास्त आहे एवढ्याच कारणावरून कोर्टाला बँकेचा हिशेब उकलता येत नाही. 2008 मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं कार्डावर वर्षाला 30 टक्क्यांपेक्षा जास्त व्याज ही अनुचित प्रथा ठरवली होती. 20 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बिलावर इशारा छापावा लागतो, की किमान रक्कमच भरत राहिलात तर फेड वर्षानुवर्षं लांबेल. तो वाचतं कोण?

कोणाच्या घरी पणजोबांच्या काळातला कर्जरोखा ट्रंकेत पडला असेल तर खाली फोटो टाका. नावं झाका. किती वर्षांनी नवा लिहून घेतलाय, तेवढंच बघायचंय.