फुलांचे अत्तर आणि ते लावणारी



अत्तराच्या बाटलीसोबतची जाहिरात वाचली म्हणजे असे वाटू लागते की, प्रत्येक स्त्रीच्या स्वभावाकरिता एकेक सुगंध विधात्याने नेमूनच ठेविला आहे. जुई लाजऱ्या व मितभाषी मुलीला, गुलाब प्रौढ गृहिणीला आणि निशिगंध धीट तरुणीला! ही वाटणी मनोरंजक खरी. परंतु ती फारशी जुनी नाही. आपल्या देशात गंधविद्येवरील लेखनाला दीड हजार वर्षे होऊन गेली, तरी "हे अत्तर कोणाच्या स्वभावाला शोभेल?" असा प्रश्न त्या विद्येने क्वचितच विचारला. आपल्या घरांनी तर त्याच्याऐवजी निराळाच प्रश्न विचारला. तो कोणता, आणि त्याचे उत्तर कोल्हापूरच्या परिसरात कसे बदलत गेले, हे आज पाहावयाचे आहे.

प्रथम ग्रंथांकडे वळू. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त गंधयुक्तीवर एक स्वतंत्र अध्याय आहे. मंजिष्ठा, व्याघ्रनख, दालचिनी, कोष्ठ इत्यादींचे चूर्ण तेलात घालून ते उन्हात तापविले की तेलाला चाफ्याचा गंध येतो, असे तो सांगतो. म्हणजे चाफ्याचे फूल न खुडताच चाफ्याचे तेल! कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' रचिला. त्यात राजाचे वीस उपभोग वर्णिले असून विलेपन, माल्य आणि धूप यांना त्यांत स्वतंत्र स्थान आहे. हा दरबार आपल्याला परका नव्हता. सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याची एक राणी चंद्रलेखा ही कऱ्हाडच्या शिलाहारांची कन्या होती, आणि त्याच शिलाहारांनी कोल्हापुरावर राज्य केले.

ही विद्या संस्कृतातच कोंडून राहिली असेही नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील विद्वान परशुराम कृष्ण गोडे यांनी 'गंधवाद' नावाच्या एका दुर्मिळ हस्तलिखिताचा परिचय १९४५ साली प्रसिद्ध केला. त्या ग्रंथावर चक्क मराठी टीका आहे, आणि तिचा काळ त्यांनी इ. स. १३५० ते १५५० च्या दरम्यान ठरविला. सुगंध कसा सिद्ध करावा हे मराठी माणूस मराठीतून वाचत होता, याचा याहून चांगला पुरावा कोणता हवा?

या विद्येचे लक्ष द्रव्य, प्रमाण आणि प्रसंग यांवर होते. लावणारीच्या मनोवृत्तीवर नव्हते. कामशास्त्रकारांनी पद्मिनी स्त्रीला कमळाचा गंध दिला खरा. पण तो तिच्या अंगचा गंध, बाहेरून लावलेला नव्हे. व्यवहारातही ऋतूच प्रमाण होता. उन्हाळ्यात मोगरा आणि वाळा, पावसाळ्यात जाई-जुई आणि केवडा, थंडीत हिना. त्यातही मोगरा आणि जाई ही फुले मोठी नवलाची. गुलाब खुडला की त्याचा गंध ओसरू लागतो. मोगऱ्याची कळी मात्र खुडल्यावरही उमलते आणि रात्रभर गंध निर्माण करीत राहते. संध्याकाळी माळलेला गजरा रात्री अधिक दरवळतो तो यामुळेच.

अत्तर ही पूर्वी महागाची वस्तू होती. कनोजच्या पद्धतीत तांब्याच्या डेगेत फुले व पाणी घालून झाकण मातीने लिंपून टाकतात. मंद आचेवर निघणारी वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात उतरते, आणि तेथे असलेले चंदनाचे तेल तिचा गंध शोषून घेते. शुद्ध गुलाबतेल काढावयाचे तर एका किलोला तीन-चार हजार किलो फुले लागतात. म्हणून साध्या घरात अत्तर निघे ते सणासमारंभाला. चैत्रातील हळदीकुंकू आठवा: हळद, कुंकू, मनगटावर अत्तराचे बोट, गुलाबदाणीतून गुलाबपाणी, भिजविलेल्या हरभऱ्यांची ओटी, कैरीची डाळ, पन्हे आणि हातात मोगऱ्याचा गजरा.

परंतु ही अत्तरदाणी सर्वांपुढे फिरत नसे, आणि आपल्या घरांचा तो निराळा प्रश्न येथेच आहे. "हिचा स्वभाव कसा?" असे कोणी विचारीत नव्हते, "हिचा नवरा जिवंत आहे काय?" एवढेच पाहिले जाई. वृद्धहारीत स्मृतीने विधवेला केशभूषा, तांबूल, गंध आणि पुष्पे वर्ज्य सांगितली, आणि समाजाने ते वचन मोठ्या निष्ठेने पाळले. काल ज्या मुलीच्या वेणीत जुई होती, तिलाच आज त्या जुईपासून दूर बसविले गेले. १७०० साली राजाराम महाराज निवर्तल्यावर ताराबाईंनी मोगल बादशहाशी झुंज दिली आणि पुढे कोल्हापूरच्या गादीचा पाया घातला. राज्य राखणारी विधवा इतिहासाने गौरविली. गजरा माळणारी विधवा मात्र समाजाला सोसवली नाही.

कोल्हापुरात या बंधनावर कायद्याचा घाव पडला तो १९१७ साली. छत्रपती शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला कायद्याचा आधार दिला. पण पुनर्विवाह करणारीला कुंकू परत मिळाले, तरी एकटीने जगू इच्छिणारीला त्यात काय मिळाले? कायदा विवाह लावू शकतो. हळदीकुंकवाचे आमंत्रण कायद्याने देता येत नाही.

महाराजांचे निधन १९२२ च्या मे महिन्यात झाले. त्याच वर्षी मुंबईत एस. एच. केळकर आणि कंपनी हा सुगंधी द्रव्यांचा मराठी कारखाना स्थापन झाला. युरोपातील रसायनशास्त्रज्ञांनी फुलांच्या गंधाचे घटक प्रयोगशाळेत तयार करण्याची युक्ती साधली होतीच. अत्तर हळूहळू स्वस्त झाले, दुकानात ज्याला त्याला मिळू लागले. आणि विकावयाची वस्तू म्हटल्यावर तिला 'व्यक्तिमत्त्व' चिकटवणेही ओघानेच आले. या जाहिरातीला आपण हसतो. पण तिचा एक गुण मान्य केला पाहिजे. ती स्त्रीला तिच्याविषयी विचारते, तिच्या नवऱ्याविषयी नव्हे.

पुढे शंभर वर्षांनी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील हेरवाड या गावाने एक ठराव केला. पतिनिधनानंतर कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र व जोडवी काढून घेणे हे प्रकार गावात बंद करावयाचे! त्याच महिन्यात महाराष्ट्र शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे, असे परिपत्रक काढले. कायद्याला जे जमले नाही, त्याला गावाने आपण होऊन हात घातला. वेणीतील फूल आणि मनगटावरचे अत्तर ही त्याच पंक्तीतील पुढची पाने आहेत.

चैत्रात जोतिबाच्या डोंगरावर दवणा वाहतात. दवण्याच्या तेलाविषयी सुगंधकारांचा अनुभव असा की, ते प्रत्येकाच्या त्वचेवर थोडे निराळे दरवळते. तेव्हा स्वभावाला शोभणारा सुगंध शोधण्याची चिंता आपण फारशी करू नये. सुगंध ते काम स्वतःच करतो. आपण करावयाचे ते एवढेच: येत्या चैत्रात अत्तरदाणी फिरेल, तेव्हा माजघराच्या कोपऱ्यात बसलेल्या आत्याबाईंचा आणि मावशींचाही हात पुढे घ्यावयाचा.