व्हिएन्नाच्या बाळंतिणींचा कौल

घरात पाळणा हलणार अशी चाहूल लागली की आनंदाच्या पाठोपाठ एक प्रश्न उभा राहतो : बाळंतपण कुठे करायचे? थोरली जाऊ आपल्या डॉक्टरीणबाईंचे नाव सुचवते, शेजारीण दुसऱ्याच रुग्णालयाची वाट दाखवते, कोणी खर्चाचा हिशेब मांडते. पूर्वी सुईण घरी येई, तेव्हा हा प्रश्न फारसा पडत नसे. प्रसूती घराबाहेर, रुग्णालयात होऊ लागली आणि निवड करणे भाग पडले. ही निवड किती मोलाची असते याचा सर्वांत बोलका पुरावा ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे एकोणिसाव्या शतकात मिळाला. तो देणाऱ्या स्त्रिया गरीब होत्या, पुष्कळशा अविवाहित होत्या, आणि त्यांचे म्हणणे कोणी ऐकून घेत नव्हते.

सम्राट दुसरा जोसेफ याने १७८४ साली व्हिएन्ना येथे एक भव्य सार्वजनिक रुग्णालय उघडले. त्याला जोडून प्रसूतिगृह होते आणि सोडून दिलेल्या तान्ह्या मुलांसाठी आश्रमही होता. लोकापवादाच्या भयाने कोणा मातेच्या हातून बालहत्या घडू नये, हा त्यामागील हेतू. मोफत विभागात येणाऱ्या स्त्रीला एक अट मात्र पाळावी लागे. विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी तिने स्वतःला तपासू द्यायचे. त्याच्या मोबदल्यात तिच्या मुलाला आश्रमात जागा मिळे.

या प्रसूतिगृहाला आरंभीच्या काळात योहान लुकास बोअर यांच्यासारखा प्रमुख लाभला. सम्राटानेच त्यांना इंग्लंड व फ्रान्स येथील प्रसूतिशास्त्र पाहून येण्यासाठी धाडले होते. त्या काळी चिमटे लावून मूल ओढून काढण्याची डॉक्टरांत मोठी हौस होती. बोअर परतले ते निराळाच विचार घेऊन. प्रसूती हा आजार नसून निसर्गाचे कार्य आहे. वैद्याने जवळ असावे, लक्ष ठेवावे, धीर धरावा आणि खरोखरीच अडले तरच हात घालावा, असे ते शिकवीत. नैसर्गिक प्रसूतीचा आज जो पुरस्कार होतो, त्याच्या युरोपातील आद्य प्रवर्तकांत त्यांची गणना केली जाते. १७८४ ते १८२२ या काळात त्या प्रसूतिगृहात ७१,३९५ प्रसूती झाल्या आणि ८९७ माता दगावल्या, म्हणजे शंभरामागे साधारण सव्वा. त्या शतकाच्या मानाने ही गोष्ट लहान नव्हती.

१८२२ नंतर बोअर यांच्या जागी योहान क्लाइन आले आणि वारे फिरले. व्हिएन्ना त्या वेळी शवविच्छेदनाच्या अभ्यासाचे माहेरघर बनत चालले होते. विद्यार्थी सकाळी मृतदेहांची चिरफाड करीत आणि तेथून थेट प्रसूतिगृहात येऊन बाळंतिणींची तपासणी करीत. हात धुतले तरी साबणाच्या पाण्याने वरवर धुतलेले असत. मृतदेहाचा वास तसाच राही. सूतिकाज्वर, म्हणजे बाळंतपणानंतर दोन-तीन दिवसांत चढणारा जीवघेणा ताप, तेव्हापासून तेथे ठाण मांडून बसला.

पुढे प्रसूतिगृहाचे दोन विभाग पडले. १८४० साली असे ठरले की पहिल्या विभागात वैद्यकाचे विद्यार्थी शिकतील आणि दुसऱ्यात सुईणींना शिक्षण मिळेल. स्त्रियांची भरती दिवसाआड एका-एका विभागात होई. कोणत्या विभागात जायचे हे स्त्रीच्या हाती नसे. कळा कोणत्या वारी सुरू होतात यावर तिचे नशीब ठरे. १८४६ साली पहिल्या विभागात ४,०१० प्रसूतींमध्ये ४५९ माता मरण पावल्या, शंभरामागे ११ हून अधिक. दुसऱ्या विभागात ३,७५४ प्रसूतींमध्ये १०५, म्हणजे शंभरामागे तीनहूनही कमी. इमारत तीच, शहर तेच, स्त्रियाही त्याच थरातल्या.

हे आकडे स्त्रियांना कोणी वाचून दाखवले नव्हते, तरी वस्तुस्थिती त्यांना ठाऊक होती. पहिल्या विभागात आपली नोंद होत आहे हे कळताच त्या गुडघे टेकीत, हात जोडीत आणि दुसऱ्या विभागात पाठवा म्हणून विनवण्या करीत. कित्येक जणी याहून धाडसी मार्ग काढीत. वाटेतच बाळंत झालेल्या स्त्रीच्या मुलालाही आश्रमात जागा मिळे. म्हणून काही जणी गावातच सुईणीकडे बाळंत होत आणि मग गाडीतून येऊन वाटेतच प्रसूती झाल्याचे सांगत. नवल असे की उघड्या रस्त्यावर, आडोशाला बाळंत झालेल्या स्त्रियांनाही पहिल्या विभागातील स्त्रियांपेक्षा हा ताप कमी येई.

विद्वानांनी याची कारणे कशी लावली? कोणी दूषित हवा म्हणाले, कोणी गर्दी. पण गर्दी तर दुसऱ्याच विभागात अधिक होती. परदेशी विद्यार्थी तपासणी आडदांडपणे करतात, असेही एका समितीने ठरवले. स्त्रियांच्या भीतीकडेही बोट दाखवले गेले : पहिल्या विभागाच्या दुलौकिकाने त्या घाबरतात आणि म्हणून आजारी पडतात!

या भीतीच्या संदर्भात एक हकीकत आपल्याला जवळची वाटेल. मरणोन्मुख बाळंतिणीला अखेरचे साक्रामेंत देण्यासाठी धर्मगुरू येत, तेव्हा त्यांच्यापुढे घंटा वाजवीत सेवक चाले. दुसऱ्या विभागात आजाऱ्यांच्या खोलीत थेट जाता येई. पहिल्यात मात्र इतर बाळंतिणींच्या पाच खोल्या ओलांडाव्या लागत. त्या नादाने निजलेल्या स्त्रियांच्या काळजाचा ठोका चुके. इग्नाझ सेमेलवाइस हे तेथील तरुण हंगेरियन साहाय्यक डॉक्टर. त्यांनी धर्मगुरूंना विनंती केली की आपण दुसऱ्या वाटेने, घंटा न वाजवता यावे. धर्मगुरूंनी ते मानले. घंटेचा नाद थांबला, मृत्यू थांबले नाहीत. भीती हे कारण नव्हे, एवढे मात्र निश्चित झाले.

मार्च १८४७ मध्ये सेमेलवाइस यांचे स्नेही प्रा. याकोब कोलेच्का यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या देहात आढळलेल्या खुणा सूतिकाज्वराने गेलेल्या मातांच्या देहातील खुणांसारख्याच होत्या. सेमेलवाइस यांना उलगडा झाला : मृतदेहातील काही घातक अंश डॉक्टरांच्याच हातांवरून बाळंतिणीच्या शरीरात जात होता. सुईणी शवविच्छेदन करीत नव्हत्या, म्हणून त्यांच्या विभागात हा ताप कमी होता.

मे महिन्याच्या मध्यास त्यांनी दंडक घातला की क्लोरीनच्या द्रावणात हात धुतल्याखेरीज कोणीही बाळंतिणीला स्पर्श करायचा नाही. एप्रिलमध्ये पहिल्या विभागात शंभरामागे १८ माता गेल्या होत्या. जूनमध्ये दोन आणि जुलैत जेमतेम एक. १८४८ साली दोन्ही विभागांचे प्रमाण जवळजवळ सारखे झाले, आणि मार्च व ऑगस्ट या दोन महिन्यांत पहिल्या विभागात एकही माता दगावली नाही. पुढे ताप केवळ मृतदेहांपासूनच नव्हे, तर जखम चिघळलेल्या जिवंत रुग्णापासूनही पसरतो हे त्यांना दिसून आले. तेव्हा प्रत्येक तपासणीगणिक हात धुण्याचा नियम झाला.

डॉक्टरांचे हातच मरण वाहून नेत होते, हे मान्य करणे व्यवसायातील बहुतेकांना जड गेले. सेमेलवाइस यांनी या दोषात स्वतःलाही वगळले नव्हते, परंतु इतरांना तेवढे मोठे मन दाखवता आले नाही. १८४९ साली त्यांची मुदत वाढवली गेली नाही. पुढे पेस्ट येथील संत रोखस रुग्णालयात त्यांनी हाच नियम यशस्वीपणे राबवला. विरोधकांवर मात्र ते उत्तरोत्तर कठोर शब्दांत तुटून पडू लागले. अखेर १८६५ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, व्हिएन्ना येथील मनोरुग्णालयात त्यांचा अंत झाला. जखम चिघळून रक्तात विष भिनल्याने, म्हणजे ज्या प्रकारच्या रोगाशी ते झुंजले त्यानेच. रोगजंतूंचे शास्त्र प्रस्थापित झाल्यावर जगाने त्यांना न्याय दिला.

या इतिहासातून सुईण तेवढी चांगली आणि डॉक्टर वाईट असा निष्कर्ष कोणी काढू नये. सुईणींच्या विभागातही १८४६ साली शंभराहून अधिक माता दगावल्या होत्या. अडलेल्या बाळंतिणीला कुशल डॉक्टर व शस्त्रक्रिया यांनी जीवदान मिळते. रक्तस्रावात तर घटकाही मोलाची असते. पण बोअर यांचा धीर आणि सेमेलवाइस यांचे स्वच्छ हात या दोन गोष्टींवाचून मोठी इमारत आणि विद्वत्ता व्यर्थ ठरतात. आणि तिसरी गोष्ट त्या गुडघे टेकणाऱ्या स्त्रियांची. त्या जे सांगत होत्या त्याला भीती ठरवण्यात आले. प्रत्यक्षात ते अनुभवाने आलेले ज्ञान होते. ते वेळीच ऐकले असते तर शेकडो पाळणे पोरके झाले नसते.

आपल्या देशात आता बहुसंख्य प्रसूती रुग्णालयांत होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हे प्रमाण ८८.६ टक्के आढळले, आणि मातामृत्यू घटण्यास त्याचे मोठे साहाय्य झाले आहे. त्याच पाहणीत खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे दिसले. सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. शस्त्रक्रिया कित्येकींना आवश्यकच असते, परंतु एवढी तफावत पाहून प्रश्न विचारण्याचा अधिकार कुटुंबाला नक्कीच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली शिफारस केली की बाळंतिणीला तिच्या पसंतीचे माणूस सोबतीला असू द्यावे, सर्व ठीक असल्यास तिला हिंडूफिरू द्यावे, आणि प्रसूती थोडी सावकाश होते एवढ्यावरून घाई करू नये. बोअर यांचे शिक्षण दोनशे वर्षांनी पुन्हा मान्य झाले, असेच म्हणावे लागेल.

तेव्हा सातवा-आठवा महिना लागला की घरातील वडीलधाऱ्यांनी लेकीसुनेबरोबर रुग्णालयात एकदा निवांत जाऊन यावे. येथे सिझेरियन किती होतात व कोणत्या कारणाने? कळा देताना तिची आई किंवा नवरा जवळ राहू शकतो का? रात्री-अपरात्री अडचण आली तर डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि रक्त यांची सोय किती वेळात होते? हे प्रश्न विचारताना संकोच करू नये. आणि तेथून परतल्यावर लेकीसुनेला काय वाटले, हे सर्वांत आधी विचारावे.