जर्मनच्या पातेल्यावरचा खटला

ॲल्युमिनियमला आमच्या मलकापुरात आजी-आजोबांच्या पिढीतलं कुणी ॲल्युमिनियम म्हणत नाही. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा, जर्मनची परात. 'जर्मन सिल्व्हर' हा खरं तर तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू. त्यात ना चांदी, ना ॲल्युमिनियम. पण दोघांची पांढरी चमक सारखी, म्हणून नाव या नव्या धातूला चिकटलं, असं मानतात.

नावासारखाच आरोपही चिकटला. 'इंग्रजांनी कैद्यांना हळूहळू मारायला तुरुंगात जर्मनची भांडी आणली' हा मेसेज तुमच्याही फॅमिली ग्रुपवर आला असेल. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे असं काही वाचलं की आधी तारखांचा लॉग बघतो.

1850 च्या दशकात ॲल्युमिनियम इतकं महाग होतं की 1855 च्या पॅरिस प्रदर्शनात ते मौल्यवान वस्तूसारखं मांडलं गेलं. 1886 मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन विशीतल्या पोरांनी स्वतंत्रपणे विजेच्या साहाय्याने ते वेगळं करायची पद्धत शोधली आणि भाव कोसळला. 1898 मध्ये मद्रासच्या कलाशाळेत आल्फ्रेड चॅटर्टन यांनी ॲल्युमिनियमची भांडी बनवायला सुरुवात केली, ती देशी उद्योग उभा राहावा म्हणून. पितळेच्या भांड्याला वरचेवर कल्हई लागायची, याला नाही. हलकं, स्वस्त, चुलीवर लवकर तापणारं. दुसऱ्या महायुद्धात खुद्द इंग्रज आणि जर्मन सैनिक ॲल्युमिनियमच्या डब्यात जेवत होते. आपल्याच फौजेला कोण विष घालेल?

म्हणजे कटाची गोष्ट खोटी. पण म्हणून धातू निर्दोष ठरत नाही. हा प्रश्न आमच्या घरात नुसत्या वादाचा नव्हता, कारण माझ्या काकांचं डायलिसिस सुरू आहे.

1965 मध्ये सशांच्या मेंदूत ॲल्युमिनियमचे क्षार टोचल्यावर पेशींत धाग्यांचा गुंता दिसला. 1973 मध्ये कॅनडातल्या संशोधकांना अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूत हा धातू जास्त आढळला. जगभर लोकांनी पातेली फेकली. पुढे कळलं की सशांमधला गुंता आणि अल्झायमरमधला गुंता यांची रचनाच वेगळी आहे. इतर प्रयोगशाळांनाही तसेच आकडे सातत्याने मिळाले नाहीत. भांड्यांमुळे अल्झायमर होतो, हे आजवर सिद्ध झालेलं नाही.

खरा पुरावा आला डायलिसिसमधून. 1970 च्या दशकात काही रुग्णांची बोली अडखळू लागली, झटके येऊ लागले, स्मृती गेली, कित्येक दगावले. 1976 मध्ये डेन्व्हरच्या ॲलन आल्फ्रे यांच्या गटाने बोट ठेवलं ते ॲल्युमिनियमवर. ते येत होतं डायलिसिसच्या पाण्यातून आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांना दिल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियमयुक्त औषधांतून.

इथे मलकापूरचा नळ डोळ्यांसमोर आणा. कोयनेचं पाणी 2009 च्या सुमारास चोवीस तास, मीटरने देणारं हे गाव. नदीचं गढूळ पाणी निवळायला शुद्धीकरण केंद्रांत तुरटी किंवा तिच्या जातीची रसायनं वापरतात, आणि तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचाच क्षार. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 0.03 मिलिग्रॅम इष्ट, पर्याय नसेल तर 0.2 पर्यंत चालतं. अगदी 0.2 धरून रोज तीन लिटर प्यायलो तरी आठवड्याला 4.2 मिलिग्रॅम. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2008 मध्ये घालून दिलेली मर्यादा 60 किलोच्या माणसाला आठवड्याला 60 मिलिग्रॅम आहे. शिवाय आतडं त्यातलं एक टक्काही शोषत नाही आणि जे शोषलं जातं ते मूत्रपिंड बाहेर टाकतं.

डायलिसिसमध्ये हे दोन्ही पहारेकरी नसतात. एका वेळी सुमारे 120 लिटर पाणी रक्तापासून फक्त एका पातळ पडद्याच्या अंतरावरून जातं. म्हणून तिथली मर्यादा 0.01 मिलिग्रॅम, पिण्याच्या कमाल मर्यादेच्या विसावा भाग. जे पाणी मी बिनधास्त पितो, तेच काकांसाठी आधी आरओमधून गाळावं लागतं.

तुरटीचं प्रमाण चुकलं तर काय होतं, हे इंग्लंडच्या कॅमलफर्डने पाहिलं. 6 जुलै 1988 रोजी टँकरवाल्याने 20 टन ॲल्युमिनियम सल्फेट चुकीच्या टाकीत ओतलं आणि ते सुमारे 20,000 लोकांच्या नळात गेलं. सरकारी तज्ज्ञ समितीने 2013 मध्ये दीर्घकालीन इजा संभवत नाही असं म्हटलं, पण गावकऱ्यांचं समाधान झालं नाही.

आमच्या घरात यातून तीन नियम निघाले. चिंचेची आमटी, कढी, सार जर्मनच्या भांड्यात शिजवायचं नाही, कारण आंबटामुळे धातू जास्त सुटतो. काकांना पित्ताचं कुठलंही पातळ औषध डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही, कारण अशा अनेक औषधांत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं. आणि भंगार वितळवून केलेली, शिक्का नसलेली स्वस्त भांडी घ्यायची नाहीत. 2025 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयात केलेल्या काही ॲल्युमिनियम आणि हिंडालियमच्या भांड्यांतून शिसं सुटतं असा इशारा दिला, आणि शिशाची सुरक्षित मात्रा अशी नसतेच.

दूध तापवायचं जुनं पातेलं मात्र अजून ओट्यावरच आहे.